तिसरी पायरी : दापोली किनाऱ्यावरच्या आगरातल्या एका बंगलीचं प्रकरण

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडकडची आगरं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, आडवी झाली. केळशी आणि आंजर्ले यांच्या मधल्या एका गावात एक म्हातारा माड मुळासकट उपटला आणि आगरात बसण्यासाठी बांधलेल्या छोट्या बंगलीच्या नैऋत्य कोपऱ्यावर कोसळला. कौलं फुटली, दोन वासे मोडले, मागची भिंत वरून तडकली. टाळेबंदीमुळे मालकांपैकी कुणालाच गावी जाता येत नव्हतं. शेजाऱ्यांनी माड कापून बाजूला केला, वर ताडपत्री टाकली आणि पावसाळा तसाच गेला.

नोव्हेंबरात मला बोलावणं आलं तेव्हा घरात दोन मतं होती. पुतण्याचं म्हणणं, बंगली पाडून त्या जागी स्लॅबची एक खोली बांधू, पर्यटकांना भाड्याने देऊ. एका ठेकेदाराने तसा अंदाजही लिहून दिला होता. आत्यांचं वय चौऱ्याऐंशी. घर आणि आगर त्यांच्या वडिलांकडून आलेलं. त्या डोंबिवलीला अडकून पडल्या होत्या आणि फोनवर एकच सांगत होत्या, "मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. माझ्याकडे सहसा वाडे येतात, देवळं येतात. पंधरा फूट बाय बारा फुटांची बागेतली बंगली हे माझं पहिलंच काम. इतक्या लहान वास्तूचा असा सविस्तर वृत्तांत लिहायचं कारण म्हणजे मी सुरुवातीला तिचं दुखणं चुकीचं ओळखलं, आणि खरं दुखणं सापडलं तेव्हा ती इमारत का आणि कशी बांधली गेली तेही त्याच जागी सापडलं.

वास्तू जशी मिळाली तशी

रस्त्याकडून आत गेलं की आधी घर, घरामागे विहीर, विहिरीच्या दक्षिणेला आगर. पोफळी दाट, मध्ये माड, कडेने केळी आणि जायफळाची दोन झाडं. पश्चिमेला गडगा, त्यापलीकडे केवडा, सुरू आणि पुळण. बंगली विहिरीपासून साठेक पावलांवर, पोफळींच्या ऐन मध्यावर उभी आहे. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या घडीव ठोकळ्यांचं, जोतं. पूर्वेला आणि उत्तरेला उघडी, तिथे फणसाचे खांब आणि खांबांमध्ये बसता येईल असा सव्वा फूट उंचीचा कठडा. पश्चिमेला आणि दक्षिणेला चिऱ्याच्या भरीव भिंती, आतून कोनाडे. वर चौपाखी छप्पर, मंगळुरी कौलांचं.

ही दिशांची वाटणी नैऋत्येकडून येणाऱ्या पावसासाठी आहे. कोकणात राहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. मात्र छपराची मापं घेतल्यावर मी थोडी थांबले. खांबांच्या माथ्याशी उंची साडेसात फूट. तिथून पाखं साडेतीन फूट बाहेर येतं आणि तेवढ्यात दोन फूट उतरतं. म्हणजे वळचण (छपराची खालची कड) आतल्या जमिनीपासून फक्त साडेपाच फुटांवर. उभं राहिलं तर समोर कौलांची कड दिसते. कठड्यावर बसलं की मात्र वळचण डोळ्यांच्या जरा वर राहते आणि आभाळ अजिबात दिसत नाही. दिसतात ती पोफळींची खोडं, खालची ओल, आणि विहिरीच्या काठाचा एक तुकडा. चैत्र-वैशाखातला डोळ्यांवर येणारा उजेड पूर्ण अडतो. ही बंगली बसलेल्या माणसाच्या मापाने बांधलेली आहे. ठेकेदाराने अंदाजात "उंची अपुरी" असा शेरा मारला होता. ज्याने तो मारला तो तिथे बसला नव्हता एवढंच मी म्हणेन.

बागेत बसण्यासाठी वेगळी वास्तू बांधायची हौस आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांच्या काळात हिराबाग झाली, पण तो ऐश्वर्याचा मामला. कोकणातलं आगर ही शोभेची बाग नाही. तिथे प्रत्येक हात जमीन पोफळीला हवी असते. अशा ठिकाणी पंधरा बाय बारा जागा नुसती बसायला काढायची, तर ती फुकट जाऊन चालत नाही. 'बंगली' हा शब्द बंगालकडून इंग्रजांमार्फत आलेल्या 'बंगल्या'चं लहान रूप, आणि दापोलीला इंग्रजांचा कॅम्प असल्यामुळे चारी बाजूंनी उतरतं छप्पर आणि उघडा व्हरांडा या भागातल्या लोकांच्या पाहण्यात होता. आकार तिथून आला असावा असं मला वाटतं. पण ही वास्तू चालते ती आगराच्या नियमाने. ते कळायला मला चार महिने लागले.

१८६५ चा आकडा

घरातल्या सगळ्यांचा ठाम समज होता की बंगली १८६५ सालची आहे. पुरावाही होता. फुटलेल्या कौलांच्या पाठीवर बासेल मिशनचं नाव आणि खाली १८६५ असा ठसा. पुतण्याने ते कौल धुऊन दिवाणखान्यात ठेवलं होतं.

हा घोटाळा कोकणात घरोघरी होतो म्हणून लिहिते. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. ठशातला आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे, कौल भाजल्याचा नाही. त्यानंतर कित्येक वर्षं निघालेल्या कौलांवर तोच आकडा पडत राहिला, आणि ती कौलं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरांत उतरत राहिली. एवढंच म्हणता येतं की हे छप्पर १८६५ च्या आधी घातलेलं नाही.

छप्पर मात्र बंगलीहून तरुण निघालं. ताडपत्री काढून वासे हाताळले तेव्हा वरच्या अंगाला खिळ्यांच्या दोन पिढ्या दिसल्या. एक ओळ साधारण फुटाहून थोड्या जास्त अंतराने, गोल तारेच्या खिळ्यांची. मंगळुरी कौलाला रिपा (कौलं ज्यांवर बसतात त्या लाकडी पट्ट्या) तेवढ्याच अंतरावर लागतात. तिच्या मधे मधे जुनी भोकं, चौकोनी, लोहाराने ठोकलेल्या खिळ्यांची, आणि ती फार जवळ जवळ. इतक्या दाट रिपा लागत त्या नळीच्या कौलांना. म्हणजे बंगली आधी नळीच्या कौलांची होती, दरवर्षी पावसाआधी शाकारावी लागणारी. मंगळुरी कौलं नंतर कधीतरी चढली. नेमकं साल कुठेही लिहिलेलं नाही आणि मी ते तर्काने भरलं नाही. पुतण्याला जरा वाईट वाटलं, पण ते कौल अजून दिवाणखान्यात आहे.

माझी चूक

डिसेंबर २०२० मध्ये मी काम चालू केलं ते भिंतीपासून. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा होता, काही दशकांपूर्वीचा. त्याला कंबरभर उंचीपर्यंत लोणा (भिंतीतून बाहेर फुटलेला क्षार) लागलेला. हात फिरवला की पांढरं पीठ सुटायचं, ठोकलं की पोकळ आवाज यायचा. मी निदान केलं की समुद्र जवळ, खारी हवा, वरून पडका कोपरा, आणि चिऱ्याचा श्वास कोंडणारं सिमेंट. उपाय, सिमेंट उतरवणे.

निदान अर्धं बरोबर होतं. जांभा हा सच्छिद्र दगड. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहून बाकीचं बरंचसं पावसाने धुऊन नेलेला. खाणीतून काढताना तो सुरीने कापता येईल इतका मऊ असतो आणि उघड्यावर कडक होतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारातल्या या दगडाला विटेच्या लॅटिन नावावरून 'लॅटेराइट' हे नाव दिलं ते याच गुणामुळे. असा दगड पाणी पितो आणि उन्हात ते सोडून देतो. त्यावर चुन्याचा गिलावा असला की पाणी गिलाव्यातून निघून जातं. सिमेंटचा असला की ते आतच अडतं. त्यातलं मीठ गिलाव्याच्या पाठीमागे स्फटिक धरतं आणि ते स्फटिक फुगताना चिऱ्याचाच पापुद्रा सुटतो. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आत तिचं पीठ होत असतं.

हे सगळं ठाऊक असून मी घाई केली. गवंड्यांनी मोठी छिन्नी लावली, घणाने ठोकलं, आणि सिमेंटबरोबर चिऱ्याचा दर्शनी भाग खपलीसारखा निघून आला. पहिल्या दिवशी अकरा चिरे असे सोलले गेले. त्यांच्यावर टिकावाचे तिरपे घाव होते. हाताने घडवलेल्या चिऱ्यावर असतात तसे, दर घाव वेगळ्या खोलीचा. आजच्या यंत्राने कापलेल्या चिऱ्यावर पात्याच्या सारख्या रेघा येतात, ते घाव पुन्हा मिळत नाहीत. संध्याकाळी खाली पडलेले तुकडे मी उलटून पाहिले तर सिमेंटच्या पाठीला दगडाचा अर्धा इंच चिकटलेला आणि त्यात टिकावाची खूण उलटी उमटलेली. काम थांबवलं.

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. पातळ पात्याने गिलाव्यात वीतभर अंतराने उभ्या-आडव्या चिरा पाडायच्या, भिंतीला लागण्याआधी थांबायचं, मग हातछिन्नी कडेने आडवी सरकवून एकेक चौकोन सोडवायचा. जो सुटणार नाही तो तसाच ठेवायचा. दोन भिंतींना पाच आठवडे लागले. बाहेरच्या बाजूला अजून तीन ठिकाणी सिमेंटचे तळहाताएवढे तुकडे आहेत, ते मी काढणार नाही.

या सावकाशीमुळे एक मोठी गोष्ट हाती लागली. पश्चिमेच्या भिंतीत, कठड्यावर बसलेल्याच्या पाठीच्या उंचीवर, विटा घालून बुजवलेले दोन झरोके निघाले. आतून फूटभर रुंद, बाहेर जेमतेम चार बोटांची फट, आणि खालची बैठक बाहेरच्या बाजूला उतरती. दुपारचा खारा वारा समुद्राकडून येतो. भरीव भिंतीने पाऊस अडवायचा तर वाराही अडणार, आणि मग बंगलीत बसण्यात अर्थ राहत नाही. बांधणाऱ्याने त्यातून वाट काढली. आत येईल तो वारा थेट पाठीला लागेल, पाऊस आत यायला बघेल तर फट अरुंद, आणि आलाच तर उताराने परत बाहेर. झरोके बुजवले तेव्हा बहुधा पावसाच्या पाण्याची तक्रार असणार. त्यामागचं कारण नंतर समजलं.

भिंती उघड्या करून फेब्रुवारीअखेरपर्यंत वाळत ठेवल्या. सुटलेलं मीठ कोरड्या कुंच्याने झाडायचं, पाण्याने धुवायचं नाही. धुतलं की ते विरघळून पुन्हा आत जातं. थंडी गेली, हवा कोरडी होती, वरून ताडपत्री पक्की होती. तरीही खालचे दोन थर ओलेच. मार्चमध्ये त्यांना हात लावला तर गार आणि दमट. पाऊस जाऊन पाच महिने झालेले. खारी हवा, छप्पर, सिमेंट यांपैकी कशानेच याचं उत्तर मिळत नव्हतं.

"पायऱ्या तीन होत्या"

आत्या शिमग्याला आल्या. पालखी दारात येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत बंगलीपर्यंत आल्या, पूर्वेकडून वर चढायला पाऊल उचललं आणि थांबल्या.

"पायऱ्या तीन होत्या गो."

मी म्हटलं, दोनच आहेत.

"तीन होत्या. शेवटच्या पायरीवर बसून आम्ही पाटात पाय सोडून बसायचो. आई हाका मारून दमायची."

मी गेले चार महिने त्या दोन पायऱ्या चढत-उतरत होते. समोर पाट नव्हता. अंगणात घालतात तशा जांभ्याच्या लाद्या होत्या, बंगलीच्या चारी बाजूंनी. त्याच दुपारी दोन लाद्या उचलल्या. खाली लाल माती, पोफळीच्या पानांचा कुजून काळा झालेला थर, पुन्हा माती. साडेसात इंचांवर फावडं दगडाला लागलं. तिसरी पायरी. तिच्यापुढे हाताने माती उपसली तेव्हा काळ्या दगडाची, फूटभर रुंदीची, घडीव तळाची एक चर उघडी झाली. आगरात सगळीकडे जांभा असताना इथे मुद्दाम काळा दगड आणून बसवलेला.

पुढचे आठ दिवस आम्ही फक्त खणत होतो. चर बंगलीच्या चारी बाजूंनी फिरलेली होती. तिचा मध्य जोत्यापासून मोजला तर सगळीकडे साडेतीन फूट. मी टेप हातात धरून वर बघितलं. वळचण बरोबर डोक्यावर. पागोळी जिथे पडते तिथेच पाट काढलेला होता.

आता सगळं जुळलं. पूर्वी विहिरीवर रहाट होता. रहाटाचं पाणी दगडी डोणीत पडून पाटाने आगराकडे यायचं. वाटेत ते बंगलीच्या उत्तरेने येऊन ईशान्येच्या कोपऱ्यावर वळायचं, पायऱ्यांसमोरून जायचं आणि आग्नेयेच्या कोपऱ्यातून पोफळींच्या आळ्यांकडे निघायचं. उन्हाळ्यात शिंपण असेल त्या दिवशी बंगलीच्या दोन्ही उघड्या बाजूंना वाहतं पाणी. पावसाळ्यात शिंपण बंद, पाट मोकळा. मग त्याच चरीत छपराचं पाणी. पश्चिमेची आणि दक्षिणेची चर खास पावसासाठी, तीही आग्नेयेच्याच कोपऱ्यात येऊन मिळणारी, तिथून सगळं पाणी पऱ्याला, म्हणजे ओढ्याला. आम्ही नळीने पाणसळ धरली. उत्तर आणि पूर्व बाजू मिळून एकेचाळीस फुटांत उतार फक्त दोन इंच. धावणार नाही आणि साचणारही नाही इतका.

काळा दगड का, तेही कळलं. वरून सतत पागोळी पडली तर जांभा झिजून खळगे पडतात. दापोलीला वर्षाचा पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. वळचणीसकट हे छप्पर बावीस बाय एकोणीस फुटांचं. हिशेब केला तर एवढ्याशा बंगलीच्या छपरावरून एका पावसाळ्यात एक लाख पस्तीस हजार लिटरच्या घरात पाणी उतरतं. आढ्याचं पाणी वळचणीला जाणारच, म्हणतात. वळचणीचं पुढे कुठे जाणार हे बांधणाऱ्याने आधी ठरवलं आणि मग त्या चरीवरून छपराची मापं काढली, असं मी आता खात्रीने मानते. चर आधी, बंगली नंतर. आगरातल्या पाण्याच्या वाटेवर एक बसायची जागा बांधली, म्हणून ती फुकट गेली नाही.

मग बिघडलं काय? विहिरीवर पंप बसला. पाण्याला नळ आले, पाट कोरडे पडले. पाटात पानं साचली, ती काढायचं कारण उरलं नाही. माती चढत गेली. पावसाळ्यात बंगलीभोवती चिखल होऊ लागला म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूने भराव घालून लाद्या बसवल्या. आता ते लाखभर लिटर पाणी लाद्यांवर पडून जोत्यावर उडू लागलं आणि सांध्यांतून खाली मुरून पुरलेल्या चरीत तुंबलं. चर तळं झाली. जोत्याचे चिरे वर्षभर पाण्यात. भिंत ओली दिसते म्हणून सिमेंटचा गिलावा, जमीन ओली म्हणून सिमेंटचा कोबा, झरोक्यातून ओल येते असं वाटलं म्हणून तेही बंद. कोब्याने वरून वाट बंद केल्यावर जमिनीतली ओल भिंतींत चढली, आणि खांबांखालचे काळ्या दगडाचे तळखडे कोब्यात गाडले गेल्याने फणसाचे बुंधे कुजले. प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीमुळे करावी लागली होती. वादळात कोपरा का तडकला याचंही उत्तर यातच आहे. तिथला चिरा आतून आधीच पीठ झालेला होता. माड निमित्त झाला.

काय केलं

पहिलं काम चर साफ करण्याचं, आणि ते एप्रिलातच उरकलं. छप्पर अजून ताडपत्रीचंच होतं. १६-१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकलं, तेव्हा मी दापोलीत नव्हते. गवंडीमामांनी फोन केला : "ताई, ताडपत्री गेली. पण पानी ऱ्हायला नाय. सगला पऱ्याला गेला." इतका दिलासा मला त्या कामात दुसऱ्या कशानेच मिळाला नाही.

पाडायचं की ठेवायचं हा प्रश्न एव्हाना सुटला होता. आत्यांचा शब्द होताच, शिवाय एक व्यवहाराची गोष्ट मी पुतण्याला समजावली. आगर भरतीरेषेच्या अगदी जवळ आहे आणि सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम लागू आहेत. असलेल्या अधिकृत बांधकामाची त्याच जोत्यावर, तेवढ्याच मापात दुरुस्ती करता येते. पाडून नवी वाढीव खोली बांधायला गेलं तर परवानगीचं सगळं गणित बदलतं. खर्चाबद्दलही सरळ सांगते, दुरुस्ती स्लॅबच्या खोलीपेक्षा स्वस्त पडली नाही. मजुरी जास्त लागली.

दिवाळीनंतर मुख्य काम. कोबा फोडला आणि तळखडे मोकळे केले. खांबांचा कुजलेला खालचा दीड फूट कापून तिरप्या सांध्याने जुन्या फणसाचं लाकूड जोडलं, ते एका पडलेल्या घराचं मिळालं. पाचही खांबांची वरची लाकडं जुनीच आहेत. मोडलेले वासे किंजळीचे नवे केले. वारा छपराला वरून दाबत नाही, कडेला खालून उचलतो. म्हणून वासे खांबांवरच्या तुळईला स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी जखडले (साधं लोखंड खाऱ्या हवेत चार-पाच पावसाळेही काढत नाही) आणि कडेच्या दोन ओळींतलं प्रत्येक कौल तांब्याच्या तारेने रिपेला बांधलं.

चुन्याने मात्र परीक्षा पाहिली. पूर्वी किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत, आता आम्हाला तो मिळाला नाही, कळीचा चुना आणला. विझवून, गाळून, पिंपात पाण्याखाली दोन महिने मुरवला. नदीची वाळू, विटांची सुरकी (भुकटी), थोडं गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. पहिला नमुना दोन दिवसांत तडे जाऊन पडला. दोष चुन्याचा नव्हता. हाताला सिमेंटची सवय, एकाच फटक्यात पाऊण इंच थर, आणि भिंत कोरडी. चिऱ्याने चुन्यातलं पाणी ओढून घेतलं. सिमेंट पाण्याशी संयोग होऊन तासांत घट्ट होतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेऊन पुन्हा चुनखडी बनतो, आणि तोवर त्याला ओल लागते. गवंडीमामांनी लहानपणी वडिलांच्या हाताखाली चुन्याची घाणी फिरताना पाहिली होती. त्यांनीच मग सांगितलं की भिंत आदल्या संध्याकाळी भिजवायची, पुन्हा सकाळी भिजवायची, आणि थर बोटाच्या पेराएवढाही नको. तसे तीन थर दिले, मधे आठ-दहा दिवस सोडून, वर ओली गोणपाटं. शिमग्याच्या आत संपवलं, कारण पुढे ऊन कडक होतं.

हा गिलावा कायमचा नाही, हे मालकांना आधीच लिहून दिलं. भिंतीत अजून मीठ आहे. पाणी सुकताना ते या चुन्यात येऊन बसेल, मग हा थर झाडून काढायचा आणि नवा द्यायचा. गिलावा झिजला तर चालेल, चिरा झिजता कामा नये.

एक गोष्ट मला शेवटपर्यंत कळली नव्हती. खांबांच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या टोकाशी आणि कठड्याजवळ, बोटभर रुंदीची तिरपी भोकं होती. दिव्यासाठी म्हणावं तर फार, आणि दोरी बांधायला म्हणावं तर दिशा उलटी. आत्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की कोकणात काम करणाऱ्या बाईला हे ठाऊक नाही! "झडीची ती. पावसात झाप बांधायचे ना." लाकडी खुंट्या भोकांत ठोकून, त्यांना झावळ्यांचे विणलेले झाप लटकवून उघड्या बाजू पावसाळ्यापुरत्या बंद करायच्या. भोकं तिरपी, म्हणजे खुंटीवरून पाणी आत न उतरता बाहेर ओघळेल. मी ठेकेदाराच्या अंदाजात सरकत्या काचा पाहिल्या होत्या. त्या कागदाचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

सध्या

रहाट पुन्हा चालू झाला नाही. तो मोडून गेलाय आणि बैल नाहीत. पंपाचं पाणी आठवड्यातून दोनदा, शिंपणाच्या दिवशी, आधी पाटात सोडतात आणि मग आळ्यांना जातं. पाण्याची थोडी नासाडी होते अशी पुतण्याची तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण पाट वापरात राहिला तरच कुणी त्यातली पानं काढेल. झडी मृगाआधी बांधतात, गावात झाप विणणाऱ्या दोनच बायका उरल्या आहेत. भाड्याची खोली झाली नाही. पाहुणे आले की दुपारी तिथे बसतात, आणि पुतण्या आता सुट्टीत संगणक घेऊन तिथेच काम करतो, झरोक्याकडे पाठ करून.

खालचे दोन थर दुसऱ्या उन्हाळ्यात कोरडे झाले. नैऋत्येचा कोपरा अजून झाला नाही. तिथे नवे बसवलेले चिरे फिकट आहेत आणि त्यांच्या शेजारच्या गिलाव्यावर वीतभर लोणा धरलाय. येत्या दिवाळीनंतर तेवढा भाग झाडून पुन्हा करायचा. त्यासाठी विझवलेल्या चुन्याचं एक पिंप घराच्या पडवीत, वर चार बोटं पाणी राखून, झाकून ठेवलं आहे.